सरकी, पिसवा आणि साडूभाऊंचं मनगट

आमच्या साडूभाऊंइतका पिसवांचा जवळून अभ्यास केलेला माणूस तापीच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरा सापडणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. छातीवर हात ठेवला की तिथे मला अजूनही जरासं खाजवावंसं वाटतं, पण त्याचं कारण पुढे येईल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या थोरल्या बहिणीला सगळं घर अक्का म्हणतं, मीही म्हणतो. ते दोघं एरंडोलपासून थोडं आत, पद्मालयाच्या वाटेवरच्या एका गावात राहतात आणि मी जळगावला, मेहरूणमध्ये. मधे चांगलं तासाभराचं अंतर आहे आणि लग्न झाल्यापासून मी त्या अंतराचा फार मान राखत आलोय. कारण साडूभाऊंच्या अंगात उत्साह फार. माणसाला एवढा उत्साह असू नये, निदान चहाच्या आधी असू नये. गेल्या वर्षी त्यांचा फोन सकाळी पावणेसहाला यायचा आणि मी हॅलो म्हणायच्या आत तिकडून आवाज यायचा, "साडूभाऊ, सापडलं." काय सापडलं ते विचारायची सोय नसे, कारण सांगायला त्यांनी सुरुवात केलेली असे.

पूर्वी ते असे नव्हते, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते पूर्वीही असेच होते, फक्त विषय वेगळा होता. एरंडोलच्या बाजारात तीस वर्षं त्यांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं आणि मुख्य म्हणजे कपाशीवर मारायची औषधं. त्या दुकानात पाऊल टाकलं की आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि साडूभाऊ त्याच वासात बसून खुशाल चिवडा खायचे. शेतकऱ्याने काउंटरवर नुसतं पान ठेवलं की हे ते उलटं करणार, उजेडात धरणार, टाळूला जीभ लावून एक आवाज काढणार आणि मावा की तुडतुडे की फुलकिडे ते जागच्या जागी सांगणार. एकदा माझ्या खिशात चुकून राहिलेलं कढीपत्त्याचं पान पाहून म्हणाले, "तुमच्या कुंडीत मावा आहे." घरी येऊन पाहिलं तर होता. माझ्या बायकोला त्यांचं त्या दिवसापासून फार कौतुक. मला नाही. लोकांनी माझ्या खिशात बघितलेलं मला आवडत नाही.

दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते गावी स्वतःची कपाशी करायला गेले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस जरा निवांत होईल. कपाशीच्या बाबतीत त्यांचं धोरण एकच होतं: वेचलेला कापूस आपण बोललेला भाव मिळाल्याशिवाय विकायचा नाही. तशी ही आमच्याकडची रीतच आहे. दिवाळी झाली की गावातल्या निम्म्या घरांत पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस आणि माणसं मागच्या खोलीत, असा संसार चालतो. पण बाकीचे लोक भावाची वाट बघून होळीपर्यंत कंटाळतात. साडूभाऊ कंटाळत नाहीत. व्यापारी दारात आला की त्याला चहा पाजायचा, पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि रिकाम्या टेम्पोसकट परत पाठवायचं. रात्रीची खाटही ते त्या ढिगाला लावूनच टाकत. कुणी फार टोकलं तर म्हणत, "त्या खोलीमा कापूस नही शे, मना शब्द शे." माझ्याशी ते एरवी शहरी बोलतात, पण शब्दाला लागलं किंवा आनंद झाला की गाडी अहिराणीवर येते, आहेचं शे आणि माझाचं मना होतं.

सरकी सापडली ती याच खोलीत. पाचएक वर्षांपूर्वी कापसाच्या ढिगात काहीतरी कुईं कुईं करतंय म्हणून त्यांच्या मुलीने, रोहिणीने, कोपरापर्यंत हात घातला तर आतून पांढरं पिल्लू निघालं. पांढऱ्यावर चार काळपट ठिपके, म्हणून नाव सरकी. गावठीच कुत्री, पण अंगाची कातडी मात्र अशी की पोटाकडे पाहिलं तर गुलाबी दिसावी. पुढे रोहिणीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. पाठवणीच्या वेळी आईच्या गळ्यात पडून ती रडली, पण सरकीच्या गळ्यात पडून त्याहून जास्त वेळ रडली. वऱ्हाडाची बस हॉर्न वाजवत होती. जाताना वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबा, हिला सांभाळा." साडूभाऊंनी मान हलवली. म्हणजे आता त्यांचे शब्द दोन झाले, एक खोलीत भरलेला आणि एक दारात बसलेला.

तर गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला या सरकीला पिसवा झाल्या. साडूभाऊंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, मानेवर सोडायचे थेंब आणले, सोडले. इतर कुत्र्यांना ते थेंब खुशाल चालतात. सरकीच्या मानेवरचे केस तिसऱ्या दिवशी गेले आणि तळहाताएवढा लाल चट्टा उठला. डॉक्टरीणबाईंनी थेंब बंद केले, मलम दिलं आणि सांगितलं की हिची कातडी फार नाजूक आहे, हिला कडक काही लावू नका. रोज बारीक फणी फिरवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात टाका, घर कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडा. यात कष्ट आहेत, पण हिला हेच सोसेल. साडूभाऊ सरकीला मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आले. तीस वर्षं ज्याने प्रत्येक किड्यावर बाटली काढून दिली त्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं की बाटली चालणार नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात रोहिणीला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली येतातच, तेव्हा ती आखाजीला यायची ती बाळंतपण करूनच जायची, असं ठरलं. अक्का तशी शांत बाई, पण त्या दिवशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आखाजीले मनी पोर येवानी शे. या घरमा पिसवा ऱ्हातीन, नहीतर मनी नात ऱ्हाई." नातू होणार की नात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, अक्काला होतं. तिने मुदत घालून दिली: आखाजीच्या आधीच्या रविवारपर्यंत घरात एक जरी माणूस खाजवताना दिसला तर सरकीची रवानगी पिंपळनेरला, तिच्या धाकट्या भावाच्या शेतावर. हा भाऊ, म्हणजे माझाही मेव्हणा, मनाने अगदी राजा माणूस. त्याच्याकडे चार दांडगी कुत्री आहेत आणि म्हशीच्या गोचिडांचं औषध तो त्यांच्यावरही बादलीनेच ओततो. ती कुत्री अंग झटकून पळतात. सरकी तिथे गेली तर काय होईल हे साडूभाऊंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण ते औषध मेव्हणा त्यांच्याच दुकानातून नेत आला होता.

इथून पुढे माझी झोप गेली. साडूभाऊंनी नियम केला: जे काही सरकीच्या अंगाला लागायचं ते आधी आपल्या मनगटावर लागेल, पूर्ण एक दिवस राहील आणि मग काय ते ठरेल. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, त्यांनी बॉलपेनने वाफे पाडले. प्रत्येक वाफ्यात एक औषध, बाजूला वार लिहिलेला. करंजाच्या तेलाने पहिल्याच रात्री हाताला गांधी उठल्या. सकाळी पावणेसहाला मला फोन, "साडूभाऊ, करंज नापास." त्या आवाजात जो आनंद होता तो मुलगा बोर्डात आला तरी माझ्या तोंडून निघाला नसता. लिंबाचं पाणी झोंबलं, नापास. कडुनिंबाचा दाट काढा, नापास. मग तोच काढा दुप्पट पाण्याचा, मग चौपट पाण्याचा, असं करत करत एके दिवशी वाफा शांत राहिला. त्या दिवशी फोनवर ते फक्त "व्हई गयं, व्हई गयं", म्हणजे झालं, झालं, म्हणत राहिले. मला वाटलं रोहिणी बाळंत झाली, आणि चौथा महिना चालू आहे हे आठवून मी बायकोला हाक मारली.

गावात सल्ला द्यायला माणसं कमी नसतात. एक जण म्हणाला रॉकेल चोळा, दुसऱ्याने तंबाखूचं पाणी सांगितलं, समोरच्या आबांनी तर बिब्बा घालायला सांगितला. साडूभाऊ कुणाशी वाद घालत नसत. आदराने बसवून घेत आणि बॉलपेन काढून म्हणत, "आबा, हात द्या. पहिले तुमना हातवर, मंग तिना अंगवर." आबांना एकदम घरी काम निघालं. चौथ्या दिवसानंतर सल्ले बंद झाले आणि संध्याकाळी ओट्यावर टेकायला येणारी माणसंही निम्म्यावर आली.

सरकीच्या अंगाकडे ते शेत म्हणूनच बघत. कानामागे बागायत, पाठ मध्यम जमीन, पोट एकदम हलकी जमीन. बागायतीत पीक दाट, म्हणून फणी तिथे आधी. पहिली फणी त्यांनी अक्काच्या फडताळातून पळवली, ती तिच्या आईने दिलेली होती, त्यावरून दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग बाजारातून लाकडी, बारीक दातांची दुसरी आणली. शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा. फणीत जी पिसू सापडेल ती वाडग्यात, आणि फणीतून जो काळा भुसा पडेल तो ओल्या पांढऱ्या कागदावर. कागदावर तांबूस डाग फुटला तर ती पिसवांची घाण, त्यांनी प्यायलेल्या रक्ताची, म्हणजे शत्रू अजून घरात आहे. डाग फुटला नाही तर साधी धूळ. हा प्रयोग त्यांनी मला दाखवला, पोस्टमनला दाखवला आणि एकदा शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना चहाच्या ट्रेशेजारी कागद ठेवून दाखवला. ते लग्न जमलं, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर गावात वेगळंच बोललं जातं.

दिवेलागणीला त्यांचा आणखी एक कार्यक्रम असे. पसरट ताटात साबणाचं पाणी, मधोमध उलट्या वाटीवर निरांजन. उजेडाला आणि उबेला पिसवा उड्या मारतात आणि पाण्यात पडतात. एकदा अक्काच्या चुलत सासूबाई आल्या होत्या. त्यांनी जमिनीवर ठेवलेलं ते ताट आणि त्यासमोर मांडी घालून एकाग्र बसलेले साडूभाऊ पाहिले, पदर डोक्यावर घेतला, हळद-कुंकू वाहिलं आणि वाकून नमस्कार केला. साडूभाऊंनी डोळे न हलवता एवढंच सांगितलं, "कापूर नका लावू, सरकीच्या नाकाला सोसत नाही."

पण त्यांचा खरा जीव उन्हावर. चैत्र लागला की आमच्याकडचं ऊन काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. इतकी वर्षं या उन्हाला शिव्या देणारे साडूभाऊ त्या वर्षी त्याच्यावर खूश होते. सरकीची गोधडी उकळत्या पाण्यातून काढून भर दुपारी गच्चीच्या पत्र्यावर पसरायची, काठीने झोडायची, तासाने उलटायची. शेजारच्या गच्च्यांवर बायकांचे पापड-कुरडया वाळत. "भाऊ, तुम्ही शेतसच वर, तर आमनाबी उलटाई द्या ना," असं त्या खालून म्हणायच्या आणि साडूभाऊ सरकीची गोधडी उलटली की हात स्वच्छ धुऊन आठ घरांचे पापड उलटत. डोक्यावर ओला पंचा, डाव्या हातावर निळे वाफे. मला खरं सांगायचं तर त्यांचा हेवा वाटायचा. मला कशाचंच एवढं वेड कधी लागलं नाही.

चैत्र निम्मा झाला आणि एके सकाळी फोन आला. आवाज दबका होता. "शून्य." आठ दिवस फणीत एक पिसू नाही, कागदावर एक डाग नाही, ताटात एक मेलेली नाही. मीसुद्धा अंथरुणात उठून बसलो, म्हणालो, जिंकलात. मग साडूभाऊ म्हणाले, "पण साडूभाऊ, खाज आहे."

खाज होती. अक्काच्या दंडावर बारीक पुरळ, साडूभाऊंच्या पाठीवर पुरळ, सरकीचं पोट लाल ते लालच. साडूभाऊंनी पाच-सहा दिवस लपवलं. गोठ्यामागे जाऊन ते निंबाच्या खोडाला पाठ घासत. पण म्हशीला पाणी दाखवायला गेलेल्या अक्काने एकदा ते पाहिलं आणि सरकीला साखळीला धरून गोठ्यात नेऊन बांधलं. घरात पाऊल टाकायचं नाही. आठ दिवस सरकी गोठ्यात आणि साडूभाऊ दिवसातून दहा वेळा गोठ्यात. खाज तशीच. रविवार जवळ आला तेव्हा अक्काचा मला फोन आला की गाडी घेऊन या, पिंपळनेरला जायचं आहे.

मी गेलो. ओसरीवर सरकीचं सामान बांधून ठेवलेलं होतं: गोधडी, लाकडी फणी, वाडगा, चौपट पाण्याच्या काढ्याची बाटली आणि मेव्हण्यासाठी साडूभाऊंनी स्वच्छ अक्षरात लिहिलेली सात पानं. पहिल्या पानावर पहिली ओळ होती, "बादली वापरू नये." मी पानं खिशात घातली. साडूभाऊंना मी इतक्या वर्षांत गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते वरण-बट्टी पुढ्यात घेऊन बट्टी कुस्करत होते, नुसती कुस्करत होते. मला चार दिलाशाचे शब्द सुचायला हवे होते. ते सुचले नाहीत म्हणून मी बट्ट्या खाल्ल्या. सहा खाल्ल्या, वर वांग्याची भाजी. मग उन्हात निघण्यात अर्थ नाही, जरा लवंडतो, असं म्हणून मी घरातली सगळ्यात थंड जागा शोधली. ती अर्थात पुढची खोली. कापसाच्या ढिगाच्या उतारावर सदरा काढून असा आडवा झालो की काय सांगू. एवढी मऊ झोप मला त्याआधी कधी लागली नव्हती.

तासाभराने उठलो तो दोन्ही हातांनी खाजवतच. छाती, पाठ, दंड, सगळीकडे मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या. मी ओसरीवर आलो आणि अक्काने कपाळाला हात लावला. साडूभाऊ मात्र एकदम उभे राहिले. त्यांनी मला उजेडात धरलं. एका हाताने उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि सरकीच्या बांधलेल्या सामानातून फणी काढून माझ्या छातीवरून फिरवायला लागले. मी विरोध केला, तो चालला नाही. फणी ओल्या कागदावर झटकली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. कागदावर दोन पांढरे केस पडले, ते माझे होते. डाग फुटला नाही.

"कोठे झोपनात तुम्ही?" अक्काने विचारलं.

मी खोलीकडे बोट दाखवलं. साडूभाऊंनी खोलीकडे पाहिलं, मग गोठ्याकडे, मग परत खोलीकडे. टाळूला जीभ लावून त्यांनी तो जुना दुकानातला आवाज काढला. "सरकी आठ दिनपासून गोठामा शे," ते हळूच म्हणाले आणि माझ्या छातीवरच्या पुटकुळ्यांकडे बोट केलं. "आणि हाई बठ्ठं आजनं शे."

अक्काला असं तोंडी पटणार नव्हतं आणि साडूभाऊंनाही तोंडी पटवायचं नव्हतं. त्यांनी ओसरीवर मांडी घातली. उजवीकडे परातीत खोलीतला कापूस, डावीकडे सरकीची गोठ्यातली, आठ दिवस न धुतलेली गोधडी. डावा हात, तो वाफ्यांचा, चार महिने सगळं सोसून हुळहुळा झालेला, त्यांनी गोधडीत खुपसला. उजवा, कोरा हात, कापसात. "घड्याळ लावा, साडूभाऊ." समोर अक्का सुपात दादर ज्वारी निवडत बसली, पण दाणे ती बघत नव्हती. साडूभाऊंच्या नाकावर माशी बसली तरी त्यांनी हात काढला नाही, मी ती हाकलली. तासाने त्यांनी दोन्ही हात बाहेर काढून अक्कासमोर धरले. डावा होता तसा होता. उजव्यावर कोपरापर्यंत पुरळ फुललं होतं.

इतक्या महिन्यांच्या साठवणीत कापसात बारीक कीड धरली होती, नजरेला न दिसणारी, अंगाला लागली की भाजणारी. खरं तर दरवर्षी उन्हाळ्यात या घराला खाज सुटायची आणि सगळे तिला घामोळं म्हणायचे. या वर्षी घरात पिसवांचं नाव निघालं होतं, म्हणून खाजेचा मालक आयता सापडला. आणि सरकीही त्याच खोलीच्या उंबऱ्यावर, गळलेल्या कापसावर पोट टेकून झोपत आली होती. पानाच्या पाठीवरचा मावा शंभर पावलांवरून ओळखणाऱ्या माणसाने आपल्या उशाशी असलेला ढीग एकदाही उलटून पाहिला नव्हता.

"मंग आते?" अक्का म्हणाली. एवढंच म्हणाली.

साडूभाऊ उठले. खोलीच्या दारात जरा वेळ उभे राहिले. मला वाटलं ते आता शब्दाबद्दल काही बोलतील. त्यांनी खिशातून फोन काढला आणि व्यापाऱ्याला लावला. "टेम्पो धाड. आजच धाड." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. साडूभाऊ म्हणाले, "भाव तू सांग." संध्याकाळच्या आत दोन टेम्पो दारात लागले. व्यापारी स्वतः आला होता. त्याने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "घरमा बठ्ठं बरं शे ना?" मी म्हणालो, बरं आहे. त्याचा विश्वास बसला नाही, जाताना तो साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

खोली रिकामी झाली तेव्हा अक्का गोठ्यात गेली आणि सरकीला सोडून घेऊन आली. तिच्यापुढे दूध-भाकर ठेवली. मग खोबरेल तेलाची वाटी घेऊन नवऱ्यासमोर बसली आणि त्याच्या उजव्या हाताला तेल लावत राहिली. मी तोंड फिरवून घेतलं. गोष्ट सांगणाऱ्याने अशा वेळी बघायचं असतं, पण मी साडू होतो. सात पानं मात्र मी परत दिली नाहीत, ती अजून माझ्या कपाटात आहेत.

नंतर खोली उकळत्या पाण्याने धुतली, चुना मारला, दारं-खिडक्या चार दिवस उन्हाला उघड्या टाकल्या. आखाजीला रोहिणी आली. गल्लीतल्या निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत उंच झोके घेत होत्या. रोहिणी सातव्या महिन्याचं पोट सांभाळत झोक्यावर नुसती बसली आणि सरकी तिच्या पायांखाली गुलाबी पोट वर करून पडली. पोटावर एक डाग नव्हता. या चार महिन्यांत काय काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, हिला छान ठेवलंत." साडूभाऊ काहीतरी पडलंय असं दाखवून खाली वाकले.

अक्काने म्हटल्याप्रमाणे नातच झाली. त्याच पुढच्या खोलीत बाळ-बाळंतिणीची खाट पडली. पहिल्या मालिशीच्या दिवशी आम्ही गेलो होतो. मालिशवाली बाई तेलाची वाटी कोमट करून बसली आणि साडूभाऊंनी हात आडवा घातला. बाही वर करून तेलाचं बोट मनगटावर ओढलं आणि म्हणाले, उद्या. पोरगी रडत होती, बाई वैतागली. अक्काने वाटी झाकून फडताळात ठेवली. त्या दुपारी साडूभाऊ माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "साडूभाऊ, तीस वर्षं मी औषध दिलं. किडा कोणता ते विचारलं, पीक कोणतं ते विचारलं. औषध मारणाऱ्याच्या हाताचं कधी विचारलं नाही."

यंदा त्यांनी कापूस शेतातूनच विकला. रोहिणी लेकीला घेऊन पुण्याला गेली आहे. पावणेसहाचा फोन आता येत नाही, आणि मी पावणेसहाला जागा होतो. खोली रिकामी आहे. तिथे दुपारी गारव्याला साडूभाऊ मांडी घालून बसतात आणि सरकीच्या अंगावरून फणी फिरवतात. फणीत काही येत नाही.

मागच्या आठवड्यात ते स्वतःच मेहरूणला आले, न कळवता, भर दुपारी. पिशवीतून एक छोटी बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. नातीला उन्हाळा बाधू नये म्हणून काहीतरी नवीन उटणं उकळून आणलं होतं. मी म्हटलं, तुमचा वाफा काय म्हणतो? त्यांनी बाही वर केली. हात वाळला होता, कातडी पातळ होऊन सुरकुतली होती, त्यावर निळ्या शाईची एक फिकट चौकट आणि आत काहीच नाही. "या कातडीला आता काही कळत नाही," ते म्हणाले. "काहीही लावलं तरी गप्प बसते. जुनी झाली." मग जरा अवघडून त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं. "तुमचा हात अजून बरा आहे."

मी बाही वर केली आणि हात त्यांच्यापुढे धरला.